सरकार-सरदेसाई : संवादातून घडलेला इतिहास

इतिहासलेखनाच्या परामर्शात ग्रंथांची व दफ्तरांची दखल घेतली जाते. अभ्यासकांमधील अनौपचारिक संवादाची क्वचितच. जदुनाथ सरकार (१८७०-१९५८) आणि गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५-१९५९) यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार या दृष्टीने मोलाचा आहे. फारसी साधनांचे जाणकार सरकार आणि मराठी कागदपत्रांत मुरलेले रियासतकार यांच्या पत्रांची भाषा इंग्रजी होती. मोगल-मराठा राजकारणाच्या चिकित्सेशेजारीच तीत प्रकृती, प्रवास, कौटुंबिक सुखदुःखे येतात. पुण्यातील संशोधकांचा विरोध असतानाही सरकारांच्या पाठिंब्याने सरदेसाईंनी पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांचे संपादन पार पाडले. दोन भाषांतील साधने परस्परांशी ताडून पाहण्याची त्यांची शिस्त या स्नेहाने जोपासली, हे तौलनिक अभ्यासाने ध्यानी घ्यावयास हवे.