अर्धे मोजमाप शेजारच्या देशात

रडारला वस्तूचा वेग कळतो, पण तो एकाच रेषेवर: वस्तू जवळ येते आहे की दूर जाते आहे, एवढेच. नजरेच्या रेषेला आडवी जाणारी गती त्याला दिसत नाही. रस्त्यावरच्या मोटारीच्या बाबतीत हे चालून जाते, कारण रस्ता कुठे जातो ते आधीच ठाऊक असते. जमिनीपासून तीनशे किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या विद्युतभारित वायूला मात्र रस्ता नसतो. त्याची खरी दिशा जाणायची, तर आकाशाच्या त्याच तुकड्याकडे वेगळ्या कोनातून पाहणारे दुसरे रडार हवे आणि ते शेकडो किलोमीटर दूर हवे. उत्तर युरोपात शेकडो किलोमीटर दूर म्हणजे बहुधा परक्या देशात. उच्च वातावरणाचा अभ्यास आंतरराष्ट्रीय झाला त्यामागे सदिच्छा होतीच. पण सदिच्छेच्या आधी ही भूमिती होती.

आयनांबर नावाचा हा विद्युतभारित थर तोवर अपरिचित नव्हता. १९२४ साली एडवर्ड अ‍ॅपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राच्या लहरी ऑक्सफर्डला पकडून त्याची उंची मोजली होती. पुढची कित्येक वर्षे त्याच्याकडे मुख्यतः आरसा म्हणून पाहिले गेले. रेडिओच्या लहरी परतवणारा आरसा किती उंच आणि किती दाट, हाच प्रश्न असे.

१९६१ साली जेम्स डन्जी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने या आरशाला वाहते केले. सूर्यापासून सतत निघणाऱ्या सौरवाऱ्याबरोबर एक चुंबकीय क्षेत्रही येते. ते दक्षिणाभिमुख असले की पृथ्वीच्या क्षेत्ररेषांशी जोडले जाते आणि त्या रेषांना दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूकडे ओढत नेते, असे त्याने मांडले. या ओढीचा ठसा आयनांबरात उमटतो. ध्रुवावरून वायू सूर्याकडून पाठीकडे वाहत जातो आणि पहाटेच्या व सायंकाळच्या अंगांनी परत फिरतो. म्हणजे दोन भोवरे तयार होतात. वेग सेकंदाला काहीशे मीटर, खवळलेल्या काळात एक किलोमीटरहून जास्त. हे भोवरे पाहता आले, तर सौरवारा पृथ्वीच्या परिसरात किती ऊर्जा ओततो आहे याचा अंदाज जमिनीवरूनच घेता येईल. प्रश्न पाहण्याचाच होता.

एक साधन तेव्हाच आकार घेत होते. कॉर्नेल विद्यापीठाच्या विल्यम गॉर्डन यांनी १९५८ मध्ये हिशोब मांडला, की पुरेसे शक्तिशाली रडार आयनांबरातील सुट्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या लहरीही ऐकू शकेल. प्रतिध्वनी इतका क्षीण, की त्यासाठी हजार फूट व्यासाची थाळी लागेल असे उत्तर आले. त्याच वर्षी केनेथ बोल्स यांनी इलिनॉय राज्यात हातातल्या साधनांनिशी तो प्रतिध्वनी पकडूनही दाखवला. गंमत अशी, की तो अपेक्षेपेक्षा बराच अरुंद पट्ट्यात आला. इलेक्ट्रॉनांची चपळ चाल त्यात दिसण्याऐवजी जड आयनांची संथ चाल दिसली, कारण इलेक्ट्रॉन आयनांच्या कह्यात वावरतात. ध्वनी अरुंद पट्ट्यात एकवटल्यामुळे तो ऐकणे सोपे होते. हजार फुटांची गरजच नव्हती. पण प्वेर्तो रिकोमधील अरेसिबोची थाळी त्याच मापाने बांधली गेली आणि १९६३ मध्ये सुरू झाली. हिशोबातली ती चूक खगोलशास्त्राला पुढे अर्धशतक पुरली. बोल्स यांनी पेरूमध्ये लिमाजवळ चुंबकीय विषुववृत्तावर हिकामार्काचे रडार उभारले. तिथे थाळी नाही. वाळवंटी खोऱ्यात १८,४३२ द्विध्रुव अँटेना अंथरलेल्या आहेत.

पण ही दोन्ही ठिकाणे ध्रुवप्रकाशापासून फार दूर. भोवरे पाहायचे तर उत्तरेला जायला हवे होते. डिसेंबर १९७५ मध्ये फिनलंड, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटन यांच्या संशोधन परिषदांनी मिळून ‘आयस्कॅट’ ही संस्था स्थापली. प्रक्षेपक नॉर्वेत ट्रॉम्सोजवळ. ग्राहक थाळ्या स्वीडनमध्ये किरुनाला आणि फिनलंडमध्ये सोदानक्युलाला. एकाच बिंदूकडे तीन देशांतून पाहायचे आणि वेगाचे तिन्ही घटक मिळवायचे, अशी ही रचना १९८१ मध्ये कामाला लागली. मोजमाप अचूक, पण एका वेळी आकाशाच्या एका छोट्याशा जागेचे, आणि यंत्र इतके खर्चिक की ते अहोरात्र चालवणे परवडत नसे.

याच्या अगदी उलट वाट रेमंड ग्रीनवाल्ड यांनी धरली. जर्मनीतील लिंडाऊच्या माक्स प्लांक संस्थेत असताना त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘स्टेअर’ हा रडारांचा जोड उभा केला: एक नॉर्वेत मालविकला, दुसरे फिनलंडमध्ये हांकासाल्मीला. ही रडारे सुट्या इलेक्ट्रॉनांचा पाठलाग करीत नसत. ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्यात, सुमारे ११० किलोमीटर उंचीवर, वायूमध्ये क्षेत्ररेषांच्या दिशेने ताणलेल्या सुरकुत्या पडतात. त्यांच्यावरून येणारा प्रतिध्वनी इतका ठसठशीत असतो, की साध्या यंत्रालाही तो ऐकू येतो. दोन रडारांच्या नजरा जिथे एकमेकींना छेदतात तेथील प्रवाहाचा सबंध नकाशाच मिळू लागला.

मग आयस्कॅटने शेजारधर्म पाळला. दोघांच्या मापांची तुलना झाली, तेव्हा वेग वाढला की स्टेअरचे आकडे कमी भरतात असे आढळले. त्या उंचीवरच्या सुरकुत्यांचा वेग ध्वनीसदृश एका मर्यादेपाशी अडतो, प्रवाह मात्र पुढे निघून जातो. प्रवाह जसाच्या तसा वाचायचा तर आणखी वर, दोनशे किलोमीटरच्या पलीकडच्या थरातल्या सुरकुत्या पाहायला हव्यात. तिथे दुसरीच अडचण होती. सुरकुत्या प्रतिध्वनी परत पाठवतात तो लहर क्षेत्ररेषेला काटकोनात भिडली तरच. आणि ध्रुवाजवळ क्षेत्ररेषा जवळजवळ उभ्या असतात. जमिनीवरून वर निघालेली सरळ लहर त्यांना काटकोनात भिडणार कशी?

या कोड्याचे उत्तर अ‍ॅपलटनच्या जुन्या आरशात होते. ८ ते २० मेगाहर्ट्झच्या लघुलहरी आयनांबरात शिरल्या की वाकतात. रेडिओ सिलोन ज्या लहरींवर घरोघर पोहोचत असे, त्यांचीच ही जातकुळी. तिरकी निघालेली लहर वाकत वाकत आडवी होते आणि आडवी झाली की उभ्या क्षेत्ररेषेला आपसूक काटकोनात भिडते. ज्या वक्रतेमुळे मोजमाप बिघडते असे वाटावे, तीच इथे कामाला आली. ग्रीनवाल्ड तोवर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेले होते. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने कॅनडाच्या लॅब्राडॉर भागात गूस बे येथे या तत्त्वावरचे रडार सुरू केले. १६ अँटेनांची एक रांग आणि एक खोली. पल्ला तीन हजार किलोमीटरपर्यंत.

पाच वर्षांनी त्याचा जोडीदार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. १९८८ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेने हॅली तळावर, तरंगत्या हिमपट्टावर, तसेच रडार बसवले. लॅब्राडॉर आणि अंटार्क्टिका ही जोडी लहरीखातर निवडलेली नव्हती: दोन्ही रडारांच्या नजरेखालचे प्रदेश एकाच क्षेत्ररेषांच्या उत्तर व दक्षिण टोकांना येतात. सौरवाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र पूर्वेकडे वा पश्चिमेकडे झुकले, की उत्तरेतले भोवरे एका अंगाला कलतात आणि दक्षिणेतले त्याच्या विरुद्ध. ही आरशातली उलटी प्रतिमा एकाच वेळी दोन्हीकडून पाहण्याची सोय झाली.

यंत्र स्वस्त असल्यामुळे पुढचे जाळे वाढत गेले. फ्रान्स, कॅनडा, जपान, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, पुढे इटली आणि चीन. आइसलंड, अलास्का, टास्मानिया, जपानचा अंटार्क्टिकातला स्योवा तळ. १९९५ पर्यंत या जाळ्याला ‘सुपरडार्न’ हे नाव रूढ झाले होते. आज त्यात तीसहून अधिक रडारे आहेत. प्रत्येक गट आपले रडार आपल्याच देशाच्या पैशाने चालवतो, मात्र महिन्यातला किमान निम्मा वेळ सर्वांनी ठरलेल्या एकाच पद्धतीने आकाश न्याहाळायचे आणि सगळी मापे एकत्र ठेवायची, असा संकेत आहे. उरलेल्या वेळात ज्याचे त्याचे प्रयोग. मिशांच्या भांडणात पडणाऱ्या विद्वानांच्या जगात हा संकेत तीन दशके पाळला गेला, हे रडारांइतकेच नवल. १९९८ मध्ये माइक रुओहोनीमी आणि काइल बेकर यांनी विखुरलेल्या सर्व मापांतून अख्ख्या ध्रुवप्रदेशाच्या प्रवाहाचा एक नकाशा बसवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर दर दोन मिनिटांचे चित्र काढता येऊ लागले.

तरीही या जाळ्यात एक मोठे भोक होते, आणि ते नको त्याच वेळी उघडे पडे. चुंबकीय वादळ जोर धरू लागले की ध्रुवप्रकाशाचे वलय फुगून दक्षिणेकडे सरकते. थेट रडारांच्या डोक्यावर आणि त्यांच्या पाठीमागे. रडारांची तोंडे ध्रुवाकडे. शिवाय खालच्या थरात लघुलहरी शोषल्या जाऊन प्रतिध्वनी विरतात. म्हणजे ज्या वादळांसाठी खटाटोप, त्यातली सर्वांत मोठी वादळेच नजरेआड. म्हणून २००५ मध्ये व्हर्जिनियातील वॉलप्स बेटावर आणि २००६ मध्ये होक्काइडोवर मध्यम अक्षांशांची रडारे आली. मागोमाग कॅन्सास व ओरेगॉन.

मोजणाऱ्याला शहराची सोय कशी नडते, याचा दाखला मात्र मुंबईने फार आधी दिला होता. कुलाबा वेधशाळेतील निरीक्षकांनी २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात चुंबकीय क्षेत्राची मापे हाताने टिपली. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या २००३ च्या अभ्यासाने त्या वादळाची तीव्रता ठरवली, ती याच नोंदींवरून. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची ती घट आजही या विषयात उद्धृत होते. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले, तिच्या प्रवाहांनी सुया डळमळल्या असत्या, म्हणून १९०४ पासून वेध अलिबागला घेतले जाऊ लागले. शंभर वर्षांनी आयस्कॅटवर तोच प्रसंग आला. मोबाइल फोनच्या लहरींनी ९३० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा व्यापला आणि किरुना व सोदानक्युला येथील ग्राहक २०१२ च्या सुमारास खालच्या वारंवारतेवर न्यावे लागले. तिहेरी नजर ज्या वारंवारतेवर घडली होती, तिच्यावर ती मिटली.

हे सारे ज्ञानापुरतेच असते, तर सरकारांनी इतकी वर्षे पैसा पुरवला असता की नाही, याची शंका आहे. पण १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास गेली. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ उपग्रह काही दिवसांत जळून गेले, आणि ते वादळ मोठेही नव्हते. ध्रुवप्रदेशात ओतलेल्या ऊर्जेने वातावरण तापून फुगले, दोनशे किलोमीटरच्या आसपास हवेचा अडथळा वाढला आणि नुकतेच सुटलेले उपग्रह खाली ओढले गेले. तापण्याचा हा हिशोब करताना प्रवाह किती वेगाने आणि कोठून वाहतो हेच आधी लागते. भोवऱ्यांचे नकाशे तिथे उपयोगी पडतात.

आयस्कॅटची पुढची पिढी आता उभी राहते आहे. नॉर्वेत शिबोटनला प्रत्येकी ९१ अँटेनांचे १०९ गट आहेत; त्यांच्या शलाकेला यांत्रिक हालचाल न करता क्षणात दिशा बदलता येते, त्यामुळे एका बिंदूऐवजी आकाशाचा मोठा घनाकार तुकडा तपासता येईल. प्रक्षेपक शिबोटनलाच. ऐकणाऱ्या इतर दोन अँटेनाशेतांची जागा स्वीडनमध्ये काइसेनिएमीला आणि फिनलंडमध्ये कारेसुवांतोला आहे.