सारनाथचे विहार आणि आपण विसरलेली मेरी फॉस्टर

सारनाथला जाऊन आलेल्या कार्यकर्त्याला विचारा, मूलगंधकुटी विहार कोणी उभारले? उत्तर येते, अनागारिक धम्मपाल. उत्तर चूक नाही, अपुरे आहे. पैसा कुठून आला, हे आपण विचारतच नाही.

मेरी रॉबिन्सन यांचा जन्म १८४४ चा, हवाई बेटांवरील होनोलुलूचा. वडिलांचा जहाजबांधणी-दुरुस्तीचा मोठा व्यवसाय होता. पती थॉमस फॉस्टर हेही जहाज व्यवसायातले. दोघांच्या पश्चात अफाट संपत्ती मेरींकडे आली. आईकडून त्या मूळ हवाईयन वंशाच्या होत्या आणि राणी लिलिउओकलानी यांच्या मैत्रीण. जानेवारी १८९३ मध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांनी राणीची सत्ता उलथवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोच्या सर्वधर्म परिषदेहून परतणाऱ्या धम्मपालांना मेरी होनोलुलूच्या बंदरात भेटल्या. आपला राग कसा आवरावा, हा त्यांचा प्रश्न होता. धम्मपालांचे उत्तर त्यांना पटले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी महाबोधी सोसायटीच्या कार्याला लाखो रुपये दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. १९३१ मध्ये सारनाथचे विहार खुले झाले. होनोलुलूतील आपली बागही त्यांनी शहराला दिली. तिथे आजही बोधिवृक्ष आहे.

याच महाबोधी सोसायटीच्या मासिकात १९५० साली बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. म्हणजे मेरींच्या दानाचा धागा आपल्यापर्यंत येतो.

काहीजण म्हणतील, श्रीमंत बाई, दिले तर काय मोठे? मान्य. ती संपत्ती वारशाची होती, घामाची नव्हे. म्हणूनच बाबासाहेबांनी एखाद्या धनिकाची वाट पाहिली नाही. १९५६ मध्ये नागपुरात त्यांनी प्रत्येकाला उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितले. एका दात्यावर उभी राहिलेली चळवळ दात्याबरोबर थकते. हजारोंच्या विसाव्या भागावर उभी राहिलेली थकत नाही.

पण मेरींचे विस्मरण आपल्याला आरसा दाखवते. आपल्या वस्तीत जयंतीची वर्गणी दारोदार फिरून कोण गोळा करते? भोजनदान कोण रांधते? विहार कोण झाडते? आपल्या माता-भगिनी. आणि कार्यकारिणीच्या फलकावर नावे कोणाची असतात?

तरुण मित्रांनो, यंदा दोन कामे करा. विसावा भाग काढा, आणि विहाराचा हिशोब व अध्यक्षपद भगिनींच्या हाती द्या. नाहीतर शंभर वर्षांनी त्यांचीही मेरी फॉस्टर होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!