लगान, नो मॅन्स लँड आणि एक सोमवार सकाळ

२५ मार्च २००२. सोमवार. लॉस एंजेलिसमध्ये रविवारची संध्याकाळ होती आणि आपल्याकडे सकाळचे सात वाजलेले. ऑफिसला जायच्या वेळेला अर्धा भारत टीव्हीसमोर बसला होता. एरवी ऑस्कर म्हणजे इंग्रजी सिनेमावाल्यांचं काहीतरी, पण यावेळी मामला घरचा होता. आशुतोष गोवारीकरचा 'लगान' शेवटच्या पाचांत होता.

त्यानंतर काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. पाकीट उघडलं, 'नो मॅन्स लँड' असं नाव घेतलं गेलं आणि इकडे घराघरांत एकच प्रश्न: "हा कुठला पिक्चर बाबा?" लगेच निकालही लागला. लॉबिंग कमी पडलं, गोऱ्यांना क्रिकेट कळत नाही, पावणेचार तासांचा सिनेमा कोण बघणार, आणि शेवटी 'शेवटी त्यांचंच राज्य'. ज्यांनी या मतं मांडली त्यांतल्या जवळपास कुणीही बाकीचे चार सिनेमे पाहिलेले नव्हते. मीही नव्हतोच पाहिले, आणि मिळणार तरी कुठे होते तेव्हा!

आधी जरा सिस्टिम कशी चालायची ते बघू. परभाषिक चित्रपटाच्या विभागात (२०२० च्या सोहळ्यापासून त्याला 'आंतरराष्ट्रीय चित्रपट' म्हणतात) एका देशाने एकच सिनेमा पाठवायचा. आपल्याकडे ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. त्या वर्षी पन्नासेक देशांचे सिनेमे आले होते. अकादमीच्या सभासदांची एक समिती ते बघून पाच निवडायची. खरी गंमत पुढे आहे. अंतिम फेरीत मत द्यायचं असेल तर पाचही सिनेमे थिएटरमधल्या खेळाला हजर राहून पाहिलेले असायला हवेत, असा तेव्हा नियम होता. म्हणजे हजारो सभासदांपैकी मत देणारे थोडेच, आणि त्यांनी पाचही सिनेमे पाहिलेले. आपल्या भाषेत सांगायचं तर निदान टेस्टिंग न करता कुणी साइन-ऑफ देत नव्हतं. आमिर खान आणि गोवारीकर तिकडे मुक्काम ठोकून सिनेमाचे खेळ लावत होते ते याचसाठी. लोकांना थिएटरपर्यंत आणणं हेच मोठं काम होतं.

स्पर्धा कुणाशी होती? फ्रान्सचा 'अमेली', नॉर्वेचा 'एलिंग', अर्जेंटिनाचा 'सन ऑफ द ब्राइड' आणि बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड'. 'अमेली'ला एकूण पाच नामांकनं होती, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे. पण 'नो मॅन्स लँड' काही आकाशातून पडलेला नव्हता. २००१ मध्ये कानला पटकथेचं पारितोषिक आणि २००२ च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब, दोन्ही त्याच्या खिशात होते. आपल्या पेपरांनी याची फारशी दखल घेतली नव्हती, एवढंच.

हा सिनेमा मी बऱ्याच वर्षांनी भाड्याच्या डीव्हीडीवर पाहिला, आणि संपल्यावर गप्पच बसलो. काळ १९९३ चा, बोस्नियातलं युद्ध चालू. दोन सैन्यांच्या मधोमध एक खंदक. त्यात एक बोस्नियन आणि एक सर्ब सैनिक अडकलेले, आणि तिसरा एक सुरुंगावर पडलेला. तो जरा हलला की सगळे खलास. संयुक्त राष्ट्रांची माणसं येतात, टीव्हीचे कॅमेरे येतात, सगळे येतात. सुरुंगावरचा माणूस मात्र तिथेच. दिग्दर्शक दानिस तानोविचने त्या युद्धात स्वतः बोस्नियन सैन्याकडून कॅमेरा चालवला होता. हा त्याचा पहिलाच कथापट, आणि त्याच्या देशाचं पहिलं ऑस्कर.

आता हे दोन सिनेमे शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हींत एक मैदान आहे, दोन बाजू आहेत आणि मध्ये एक पंच आहे. 'लगान'मध्ये कॅप्टन रसेल कितीही माजलेला असला तरी खेळाचे नियम दोन्ही बाजूंना मान्य आहेत. पंच जो निर्णय देतो तो दोघे पाळतात, आणि शेवटी पाऊसही पडतो. 'नो मॅन्स लँड'मध्ये पंच निळं हेल्मेट घालून उभा आहे, पण त्याला निर्णयच द्यायचा नाही. एक सिनेमा म्हणतो, नियम पाळले तर दुबळाही जिंकू शकतो. दुसरा म्हणतो, नियम सांभाळणारेच पाठ फिरवून निघून गेले तर काय करणार? मला 'लगान' आजही जास्त आवडतो, पाचव्यांदा बघतानाही शेवटच्या चेंडूला छातीत धडधडतं. पण त्या खोलीत बसून पाचही सिनेमे पाहिलेल्या माणसाने तानोविचला मत दिलं असेल, तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आपली ही हळहळ तशी जुनी आहे. १९५८ मध्ये मेहबूब खानचा 'मदर इंडिया' याच विभागात होता. फेलिनीच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'पुढे तो "एका मताने हरला" असं आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलोय. पण अकादमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही! मग हे एक मत मोजलं कुणी? १९८९ मध्ये मीरा नायरचा 'सलाम बॉम्बे' डेन्मार्कच्या 'पेले द काँकरर'पुढे मागे पडला. आणि तिसरा 'लगान'. त्यानंतर २०२५ च्या सोहळ्यापर्यंत या विभागात भारताच्या एकाही सिनेमाला नामांकन मिळालेलं नाही. मराठीने प्रयत्न केले. संदीप सावंतचा 'श्वास' (२००४) गेला, त्याच्या प्रचारासाठी साध्या माणसांनी वर्गणी दिली. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) गेला, 'कोर्ट' (२०१५) गेला. तिन्ही शेवटच्या पाचांत आले नाहीत.

आणि कधीकधी गोची आपल्याच दारात होते. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला मे २०२४ मध्ये कानचं ग्रां प्री मिळालं. मुंबईतल्या नर्सेसची आणि कोकणातल्या गावाची ती गोष्ट. पण फेडरेशनने पाठवला 'लापता लेडीज'. सिनेमा छान आहे, वाद नाही. पण एकच खिडकी असली की रांगेतल्या बाकीच्यांनी जायचं कुठे? अर्थात खिडकी एकच नाही हेही आता कळलंय. 'आरआरआर' भारताची अधिकृत निवड नव्हता, तरी 'नाटू नाटू'ने २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर आणलंच.

आता त्या सोमवारची एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. "आपल्याला ऑस्कर कधी मिळणार" असं आपण ज्या सिनेमाकडे बघून म्हणत होतो, त्याच सिनेमाच्या श्रेयनामावलीत एक ऑस्करविजेती आधीपासून होती. भानू अथैया. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली मुलगी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलोबरोबर तिला ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय. 'लगान'मधल्या भुवनची बंडी आणि एलिझाबेथचे झगे, दोन्ही तिचेच. त्या कामासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. २०१२ मध्ये तिने आपली ऑस्करची बाहुली अकादमीकडे परत दिली, आपल्या पश्चात ती नीट सांभाळली जावी म्हणून. २०२० मध्ये ती गेली.

म्हणजे बघा, पहिलं ऑस्कर आणणारी बाई आपल्या कोल्हापूरची, आणि तिला ते सांभाळायला सुरक्षित जागा वाटली ती सातासमुद्रापार. एका पाकिटातून दुसरं नाव निघालं म्हणून आपण वीस वर्षं हळहळलो. या बातमीवर किती हळहळलो?

असो. या वीकेंडला वेळ असेल तर 'नो मॅन्स लँड' मिळवून बघा, पावणेदोन तासही लागत नाहीत. आणि मग 'लगान' परत लावा. यावेळी जरा कपड्यांकडेही लक्ष द्या :)