सन्नतीची शिळा

भीमा नदीच्या काठी, कलबुर्गी जिल्ह्यातील चित्तापूर तालुक्यात, सन्नती हे क्षेत्र आहे. तेथील श्रीचंद्रलांबा ही महाराष्ट्र व कर्नाटकातील अनेक घराण्यांची कुलदेवता होय. हळ्ळीखेड (बी) सारख्या सीमाभागातील गावांना हे क्षेत्र परके नाही. तथापि याच देवालयाच्या आवारात बौद्ध धर्माच्या प्रसाराचा एक अमोल पुरावा शतकानुशतके दडून होता, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असेल.

भगवान बुद्धांनी सारनाथ येथे पहिला उपदेश केला आणि त्यांच्या धर्माचा उदय गंगेच्या खोऱ्यात झाला. परंतु तो तेथेच थांबला नाही. गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नामक ब्राह्मणाने आपले सोळा शिष्य बुद्धांकडे पाठविल्याची कथा पाली ग्रंथ सुत्तनिपातात आहे. त्यांच्या मार्गात पैठणचाही उल्लेख येतो. पुढे कलिंगयुद्धातील संहाराने पश्चात्तापदग्ध झालेल्या सम्राट अशोकाने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात धर्मप्रसारास राजाश्रय दिला. त्याच्या काळी महारट्ठ, वनवासी व महिषमंडळ या प्रदेशांत स्थविर पाठविले गेले, असे सिंहली ग्रंथ महावंस सांगतो.

1986 साली चंद्रलांबा देवालयाच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळून मूर्ती भंगली. त्यानंतर मूर्तीखालच्या पीठाच्या शिळेवर ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आढळला. तो अशोकाचा आदेश होता! मूर्ती बसविण्यासाठी त्या शिळेत आरपार खाच पाडल्याने काही अक्षरे कायमची नष्ट झाली होती. जवळच्याच कनगनहळ्ळी येथे 1994 पासून झालेल्या उत्खननात भव्य स्तूपाचे अवशेष उजेडात आले. शिलालेखांत त्याचे नाव ‘अधोलोक महाचैत्य’ असे आहे. तेथील एका शिल्पपटावर राजा-राणी कोरलेली असून त्यावर ब्राह्मीत अशोकाचे नाव आहे. सातवाहन राजांची नामांकित शिल्पेही तेथे मिळाली. सातवाहन काळात हा धर्म भीमाकाठी किती दृढ रुजला होता, हे यावरून ध्यानात येते.

सन्नतीच्या शिळेवरील लेखांत अशोकाचा बारावा आदेश आहे. स्वपंथाची स्तुती आणि परपंथाची निंदा करणारा मनुष्य स्वतःच्याच पंथाची हानी करतो. यास्तव वाणीचा संयम पाळावा व परस्परांचा धर्म ऐकून घ्यावा, असा त्याचा आशय होय. हा उपदेश कोरलेली शिळा दीर्घकाळ देवीचे आसन होऊन राहिली, आणि तिच्यावर काय लिहिले आहे हे वाचणारा कोणी उरला नव्हता.

देवालयाचे विश्वस्तपण केवळ पूजा-उत्सवांपुरते नसते. पायरीचा दगड, ओट्याची फरशी, पडक्या भिंतीतील कोरीव तुकडा हेही देवाचेच धन होय. जीर्णोद्धाराच्या वेळी छिन्नी लावण्यापूर्वी प्रत्येक जुना दगड उलटून पाहावा आणि त्यावर अक्षरे दिसल्यास जाणकारांस दाखवावी. सन्नतीला हे कळण्यासाठी छत कोसळावे लागले. इतरत्र तशी वेळ येऊ नये, हीच त्या शिळेची शिकवण.