सागवान, लोखंड आणि मुंबईची गोदी

शिडाच्या जहाजांच्या काळात लाकूड हे केवळ घरबांधणीचे किंवा सामानसुमानाचे द्रव्य नव्हते. चौऱ्याहत्तर तोफा, त्यांची दारू व गोळे, शेकडो खलाशी आणि महिनोन्‌महिन्यांची शिधासामग्री पोटात घेऊन वादळात तग धरणारा सांगाडा ज्यातून उभा राहू शकत असे, असे ते एकच साहित्य माणसाजवळ होते, आणि कोणत्या सत्तेच्या हाती कोणते लाकूड किती आहे यावर तिच्या आरमाराची मजल ठरत असे. मुंबईच्या गोदीचा अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील उत्कर्ष सांगताना त्याचे श्रेय वाडिया घराण्याच्या कर्तबगारीला दिले जाते आणि ते रास्तच आहे. मात्र या उत्कर्षाचा अर्धा भाग सागवानाचा आहे, आणि तो सहसा बाजूला राहतो.

आरमारासाठी सागाचे महत्त्व पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांनी प्रथम ओळखले असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, १७१५च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाविषयी स्पष्ट नियम घातलेला आहे: राज्यातील सागासारखी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, परंतु आंबा व फणस यांची लाकडे उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या पोराप्रमाणे जपलेली असतात. जहाजाची गरज आणि जंगलाची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात तोलणारा हा मजकूर, पुढे शंभर वर्षांनी कंपनी सरकारने जे केले त्याच्याशी ताडून पाहावा असा आहे. कान्होजी आंग्रे व त्यांच्या वंशजांच्या गुराबा आणि गलबते (गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची लढाऊ नौका, गलबत त्याहून लहान व वल्ह्यांनीही चालणारे) याच किनाऱ्यावर बांधली गेली, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही मराठी इतिहासातील दुखरी गोष्ट आहे.

त्याआधी वीस वर्षे, १७३६ मध्ये, सुरतेच्या जहाजबांधणीत नाव मिळवलेला लवजी नसरवानजी हा पारशी कारागीर काही सुतारांसह मुंबईस आला. त्याच्या घराण्याचे ‘वाडिया’ हे आडनाव जहाज बांधणारा या अर्थाने धंद्यावरून पडलेले. १७५० मध्ये येथे सुकी गोदी, म्हणजे भरतीला जहाज आत घेऊन दरवाजे बंद करून पाणी काढून टाकता येईल असा दगडी हौद, तयार झाली, आणि पुढे १८१०च्या सुमारास डंकन गोदी पुरी झाल्यावर सर्वांत मोठ्या युद्धनौकाही येथे बांधता येऊ लागल्या.

युरोपीय जहाजे ओक वृक्षाच्या लाकडाची असत. ओक मजबूत खरा, पण त्यात टॅनिन, म्हणजे हिरड्यात असते तसे कातडी कमावण्याच्या उपयोगाचे तुरट आम्लधर्मी द्रव्य, भरपूर असते. खाऱ्या ओलाव्यात लोखंडी खिळा आणि हे द्रव्य एकत्र आले की खिळा गंजतो आणि त्याच्या भोवतालचे लाकूडही काळे पडून झिजते. सागात याउलट एक तेलकट अंश असतो, जो लोखंडाला अपाय करीत नाही, पाणी फारसे शोषू देत नाही आणि वाळवीला व बुरशीला दूर ठेवतो. शिवाय सुकताना साग फार कमी आकसतो, त्यामुळे फळ्यांचे सांधे उघडत नाहीत. आणि हे सारे गुण असूनही वाळलेल्या सागाचे वजन दर घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपासच भरते, म्हणजे वजनाच्या मानाने त्याचे बळ मोठे. तो नीट वाळवावा लागे एवढेच. ताजा तोडलेला साग पाण्यावर तरंगतही नाही, म्हणून मलबारात आणि ब्रह्मदेशात उभ्या झाडाच्या बुंध्याची साल व त्याखालचे रसकाष्ठ गोलाकार कापून झाड दोन-तीन वर्षे जागेवरच वाळू देत आणि मग तोडून नदीतून वाहून आणीत.

परंतु लाकूड म्हणजे लोखंडासारखे सर्व दिशांनी सारखे द्रव्य नव्हे. त्याच्या तंतूंच्या दिशेने ते जो ताण सहन करते, त्याचा लहानसा अंशच आडव्या दिशेने सहन करते. सरळ ओंडक्यातून वाकडा तुकडा कापला तर वळणावर तंतू तुटतात आणि तेथेच तो फुटतो. म्हणून पठाणावर (जहाजाच्या तळातून नाळेपासून पिछाडीपर्यंत जाणाऱ्या कण्यावर) ज्या बरगड्या बसवायच्या, त्यांसाठी मुळातच वाकडी वाढलेली झाडे व फांद्या शोधाव्या लागत, आणि साग स्वभावाने सरळ वाढणारा असल्यामुळे अशा वाकड्या लाकडांचा शोध हे मिस्त्रींपुढचे खरे कोडे असे. पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून दोन्ही दिशांना बळ आणण्याची प्लायवूडची युक्ती याच दोषावरचा उतारा आहे. पण त्या काळचा सरस पाण्यात विरघळत असल्याने जहाजाला ती उपयोगाची नव्हती. फळ्या जोडताना मात्र पश्चिम भारतातील सुतारांची स्वतःची रीत होती: युरोपात फळीला फळी नुसती भिडवून फटीत दोरखंडाचा चोथा व डांबर ठासत, तर येथे फळीच्या कडेला खाच पाडून ती दुसरीत बसवीत आणि मध्ये कापूस व राळ घालीत. वाकस, करवत, सामता आणि डोळा एवढ्याच साधनांवर साधलेली ही अचूकता होती.

नेपोलियनशी युद्ध चालू असता इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला, आणि लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांचा भारतीय जहाजांना विरोध असूनही नौदलाला मुंबईकडे वळावे लागले. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली ७४ तोफांची ‘मिंडेन’ १८१० मध्ये पाण्यात उतरली. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेली ती त्या दर्जाची पहिली राजेशाही नौका होय. तिच्यावरच अमेरिकेचे राष्ट्रगीत रचले गेले असे आपल्याकडे वरचेवर छापले जाते, ते खरे नाही. कवी त्या वेळी तहाचे निशाण लावलेल्या एका लहान अमेरिकी जहाजावर होता. १८१३च्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, ज्याने हाँगकाँग इंग्रजांना मिळाले. ‘त्रिंकोमाली’ या फ्रिगेटचे, म्हणजे एका तोफमजल्याच्या वेगवान युद्धनौकेचे, नकाशे ‘जावा’ या जहाजावरून येत होते. डिसेंबर १८१२ मध्ये ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी जिंकून जाळले, म्हणून नकाशे पुन्हा काढून पाठवावे लागले आणि जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी तयार होईतो मूळ युद्ध संपूनही गेले होते.

या जहाजांची किंमत जंगलाने मोजली. लाकडाचा पुरवठा चालू राहावा म्हणून १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन यांना जंगलांचे संरक्षक नेमले गेले. पण संरक्षण या नावाखाली प्रत्यक्षात सागावर सरकारी मक्ता बसला, जमीनदार व व्यापारी यांच्या तक्रारी वाढल्या, आणि १८२३ मध्ये टॉमस मन्रो यांनी ते पदच रद्द केले. आज्ञापत्रात रयतेच्या झाडाला जी मोकळीक होती ती येथे नव्हती, आणि मक्ता गेल्यावर बेसुमार तोड सुरू झाली, म्हणजे दोन्ही मार्गांनी जंगल हरलेच. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन हे जंगलांचे संरक्षक झाले. मलबारचे जिल्हाधिकारी कोनोली यांनी त्याच दशकात नीलांबूर येथे चातू मेनन यांच्या देखरेखीखाली सागाची लागवड सुरू केली.

तोवर गोदीतले वारे बदलले होते. येथेच सागवानी बांधणीची ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची नौका १८२९ मध्ये उतरली आणि पुढल्या वर्षी सुएझपर्यंत गेली. लवजींचे वंशज अर्देशिर खरशेटजी यांना वाफेच्या यंत्रांवरील प्रभुत्वामुळे १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १८४८ची ‘मीआनी’ ही येथून निघालेल्या शेवटच्या मोठ्या सागवानी युद्धनौकांपैकी एक. सागवानी बांधणी मागे पडली ती लाकूड कमकुवत ठरले म्हणून नव्हे: यंत्राची सततची थरथर आणि लोखंडी पत्र्याची हवी तेवढी लांबी व जाडी यांपुढे झाडाचा मर्यादित आकार कमी पडला. सागाचा टिकाऊपणा मात्र वादातीत राहिला. १८१५ मध्ये मुंबईत उतरलेली ‘वेलस्ली’ १९४० मध्ये टेम्स नदीत जर्मन बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली, आणि ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडच्या हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी असून तरंगत असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका आहे. नीलांबूरला कोनोलींनी लावलेल्या सागाचा काही भागही राखून ठेवलेला आहे. ती झाडे जहाजाच्या कामाइतकी मोठी झाली, तेव्हा मोठी जहाजे पोलादाची बनू लागली होती.