पेजेची वाटी : दात काढल्यानंतरच्या अन्नाचा इतिहास



मागच्या महिन्यात या मालिकेत खंड पडला. काहींनी काळजीने फोन केले, काहींनी 'सर, विषय संपले की काय?' असंही विचारलं. (हशा) विषय संपले नव्हते, दाढा संपल्या होत्या. खालच्या जबड्यातल्या दोन दाढा काढाव्या लागल्या. त्यातली एक हाडात रुतून बसलेली, म्हणून हिरडी कापून, थोडं हाड कोरून ती काढली. टाके पडले. निघताना हातात एक कागद मिळाला. त्यावर औषधांच्या सात ओळी होत्या आणि जेवणाची एकच : 'मऊ व पातळ आहार, आठ दिवस.'

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला असा कागद देऊ नये. तो शब्दांवर अडतो. मऊ म्हणजे काय? पातळ म्हणजे किती पातळ? आणि मुख्य प्रश्न असा, की मऊ आणि पातळ हे अन्नाचे गुण झाले. ते अन्न त्या माणसाला पुरतं आहे की नाही, हे त्या ओळीत कुठे लिहिलंय?

हा प्रश्न मला उगाच पडला नाही. १९६८ साली माझ्या वडिलांचे, अण्णांचे, सगळे दात काढले. 'पायरिया आहे, एकही ठेवू नका,' असा सल्ला होता. कवळी तीन महिन्यांनी बसणार होती. आई रोज पेजेची निवळ द्यायची, चिमूटभर मीठ घालून. पुढे ताक, पुढे वरणाचं वरचं पाणी. तिने मनापासून केलं. आजाऱ्याला हलकंच द्यायचं, हे तिला ठाऊक होतं. अण्णा पंक्तीला बसेनासे झाले. बोलेनासे झाले. धोतर दोनदा गुंडाळून नेसायला लागले. आम्ही म्हणायचो, दात गेल्याचं मनाला लावून घेतलंय. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात उपनिषदांतली अन्नमीमांसा वाचत होतो! आज मला स्पष्ट दिसतं की अण्णा उपाशी होते. भरल्या घरात, प्रेमाने उपाशी ठेवलेले.

तेव्हा आजचा विषय हा आहे. चावता न येणाऱ्या माणसाला काय द्यायचं, याचा विचार माणसांनी कसकसा केला, आणि त्यात काय विसरलं गेलं.

सुरुवात आपल्याकडून करू. सुश्रुतसंहितेत दात उपटण्याचं हत्यार आहे, त्याचं नाव दंतशंकु. पण सुश्रुत दात काढायला फारसा उत्सुक नाही. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, असं चिकित्सास्थानात म्हटलंय. कारण रक्तस्राव फार झाला तर डोळा जातो, तोंड वाकडं होतं. आज आपण हे कारण असंच्या असं मानणार नाही, पण त्यामागची भीती समजू शकतो. रक्त थांबवायची खात्रीची साधनं नसताना दात काढणं हा जिवाशी खेळ होता.

त्याच अध्यायात दाताच्या रोग्याने काय टाळावं हे सांगितलंय. आंबट फळं, गार पाणी, रूक्ष अन्न, दातवण आणि फार कठीण पदार्थ. ही यादी माझ्या डॉक्टरांच्या कागदाशेजारी ठेवली तर बरीचशी जुळते. पण सुश्रुत टाळण्याच्या यादीवर थांबत नाही. दात आंबले, शिवशिवायला लागले तर काय द्यावं, तेही तो सांगतो. मांसरस, मांसरसात शिजवलेली यवागू, दूध, साय, तूप. बघा, यात 'निवळ' कुठेच नाही! मऊ आहे, पण सकस आहे. साय आणि तूप म्हणजे गिळायला सोपं आणि अंगाला भरपूर.

आता चरकाकडे येऊ. चरकाने जो क्रम दिलाय तो वमन-विरेचनासारख्या शोधनानंतरचा आहे, दात काढल्यानंतरचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमचे वैद्य मित्र व्याख्यान संपल्यावर मला गाठतील. (हशा) त्या क्रमाला संसर्जनक्रम म्हणतात. आधी पेया, मग विलेपी, मग यूष, मग मांसरस, आणि मग नेहमीचं जेवण. शुद्धी उत्तम झाली असेल तर प्रत्येकाची तीन-तीन जेवणं, एकूण बारा; म्हणजे साधारण आठवडा. त्यामागे दृष्टान्त विस्तवाचा आहे. बारीक ठिणगीवर एकदम ओंडका टाकला तर ती विझते. आधी गवत, मग गोवरी, असं करत ती मोठी करावी लागते.

या शब्दांकडे जरा लक्ष द्या. मंड म्हणजे शितांशिवायचं वरचं पाणी. पेया म्हणजे पातळ, पण शितं असलेली. विलेपी म्हणजे दाट, चमच्याला चिकटणारी. आपली 'पेज' ही या पेयेचीच लेक. आणि यूष म्हणजे डाळीचं कढण. या शब्दाचं नातं लॅटिनमधल्या 'यूस'शी आहे, आणि त्यातूनच पुढे इंग्रजीतला 'ज्यूस' आला. म्हणजे आपण ज्यूस पितो तेव्हा कढणाच्याच लांबच्या भावंडाचं नाव घेत असतो.

पण शब्दांपेक्षा महत्त्वाची आहे ती पायरी. चरकाच्या क्रमात कुणालाही मंडावर किंवा पेयेवर पडून राहू दिलेलं नाही. ठरावीक जेवणांनंतर पुढे जायचंच. आमच्या आईला पेया ठाऊक होती, पण 'क्रम' हा शब्द घराघरातून केव्हातरी गळून पडला होता. परंपरा अशीच येते. पदार्थ येतो, त्यामागचा विचार वाटेत राहतो.

पेजेची वाटी पुढे लांबवर गेली. विनयपिटकाच्या महावग्गात बुद्धाने भिक्षूंना यवागू घ्यायची परवानगी दिल्याची हकिकत आहे, आणि तिचे दहा गुण मोजले आहेत. पुढे गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य आला. त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पटकीच्या रोग्याला इथले लोक मिरी आणि जिरं घालून तांदळाचं पाणी देतात, त्याला 'कांजे' म्हणतात, अशी नोंद त्यात आहे. तोच शब्द पोर्तुगीजांबरोबर समुद्रापार गेला. आज पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये 'कांजा' म्हणजे आजाऱ्याला द्यायचं कोंबडीचं सूप, बहुतेकदा भात घातलेलं. आपल्या कांजीत तिकडे कोंबडी पडली! त्यांनी पायरी वर चढवली, असं मी म्हणेन.

आता युरोपात जाऊ. फ्रान्समध्ये पिएर फोशारने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि या विद्येला शास्त्राची बैठक मिळाली. पण दात वाचवणं अजून लांब होतं. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही दंतकथाच. (हशा) ती होती पाणघोड्याच्या दाताची, त्यात माणसांचे दात बसवलेले. सकाळी ते मक्याच्या पिठाच्या मऊ धिरड्या खायचे, लोण्यात आणि मधात भिजवून. सुश्रुताची साय-तुपाची यादी त्यांनी वाचलेली नव्हती, पण बोळक्या तोंडाला ते शहाणपण आपोआप सुचतं. फक्त वाढणाऱ्याने हात आखडता घ्यायला नको.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. १८४६ मध्ये बोस्टनच्या मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची भूल जाहीरपणे दाखवली. आणि १८५० नंतर कडक रबराच्या स्वस्त कवळ्या निघाल्या. दुखत नाही आणि बदली दात स्वस्त, म्हटल्यावर सगळेच दात काढून टाकण्याची चाल पडली. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलमध्ये एक भाषण दिलं. तोंडातला पू हे साऱ्या शरीरातल्या रोगांचं मूळ, असा त्याचा रोख होता. त्यानंतर कित्येक वर्षं संधिवातापासून निद्रानाशापर्यंत कशावरही दात काढले गेले. ते मत पुढे मागे पडलं, पण त्याची सावली १९६८ मध्ये आमच्या गावापर्यंत पोचली होती, असं मला वाटतं.

आणि या बोळक्या माणसांना खायला काय? इथे मला फ्लॉरेन्स नाइटिंगेल फार मोलाची वाटते. १८५९ च्या शेवटी तिचं शुश्रूषेवरचं छोटं पुस्तक आलं. त्यातली दोन प्रकरणं फक्त अन्नावर आहेत. तेव्हा इंग्लंडात 'बीफ टी', म्हणजे मांसाचं पातळ पाणी, हा आजाऱ्याचा राजमान्य आहार होता. ती म्हणते, ते आटवून बघा, खाली काय उरतं ते दिसेल. जवळजवळ काही नाही! भरल्या घरात हजारो रोगी दरवर्षी उपाशी राहतात, असं तिने स्पष्ट लिहिलंय. आणि कारण अन्नाचा अभाव हे नव्हे. ते त्यांच्या पोटात जाईल अशा रीतीने, अशा वेळी दिलं जात नाही, हे.

ते प्रकरण वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. अण्णा आठवले.

आपल्या देशातली एक हकिकत सांगतो, कारण ती गोड आहे. भारतातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय कोलकात्यात १९२० साली निघालं. काढलं डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी. ते अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात शिकून आलेले. कॉलेजला पैसा हवा, म्हणून त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान काढलं. सोडा, सरबतं आणि दंतवैद्यक, हाताला हात! (हशा) पहिल्या काही वर्षांत विद्यार्थी अकरा. १९४८ मध्ये दंतवैद्यकाचा कायदा झाला, त्यामागेही त्यांचे बरेच कष्ट होते.

आता माझी चूक सांगतो. नातवाने मोठ्या प्रेमाने शहाळं आणलं, त्यात नळी खोचून. मी नळीने ओढून प्यायलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अशी कळ लागली की कानापर्यंत आग. डॉक्टर म्हणाले, 'खोबणीतली गुठळी सुटली. कागदाची मागची बाजू वाचली नाहीत ना?' नव्हती वाचली. दात निघाल्यावर त्या जागी रक्ताची गुठळी बसते; तीच हाडावरचं झाकण. ओढून प्यायलं, जोरात थुंकलं, चूळ खळखळून भरली की ती निघू शकते आणि हाड उघडं पडतं. इंग्रजीत याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात; १८९६ साली क्रॉफर्डने ते नाव दिलं. गंमत बघा, कागदी नळीचं पेटंट १८८८ चं, आणि वाकणारी नळी १९४७ च्या सुमारास पहिल्यांदा विकली गेली ती रुग्णालयालाच. आजाऱ्यासाठीच निघालेली वस्तू, पण या एका आजाऱ्याला वर्ज्य!

मग घरात आम्ही क्रम ठरवला. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट, गरम नाही. दूध, पातळ ताक, वाटीला तोंड लावून. दुसऱ्या दिवशी पेज, पण निवळ नव्हे, शितं घोटून, वर तूप. मग मुगाचं कढण, वरचं पाणी नाही तर तळची डाळ घोटलेली. मग गुरगुट्या भात-मेतकूट, मऊ खिचडी, दही, नाचणीचं सत्त्व, अर्धकच्चं नाही तर पूर्ण शिजवून कुस्करलेलं अंडं. सूनबाईंनी एक वही केली. काय दिलं, यापेक्षा किती पोटात गेलं, हे त्यात लिहायचं. मला मधुमेहाची गोळी आहे, म्हणून जेवण चुकवायचं नाही, हेही तिने डॉक्टरांना विचारून घेतलं. दहाव्या दिवशी वजन अर्धा किलोनेच उतरलेलं होतं.

आणि एक गोष्ट तिने वहीत लिहिली नाही, पण केली. माझी वाटी टेबलावर, सगळ्यांच्या ताटांबरोबर मांडली. अण्णांची वाटी आम्ही आतल्या खोलीत नेऊन द्यायचो.

तुमच्या घरात कुणाचे दात काढले असतील, काढायचे असतील, तर डॉक्टरांना एवढंच विचारा : पातळ किती दिवस, आणि पुढची पायरी केव्हा? आणि ती वाटी आत नेऊ नका.

आता प्रश्न असतील तर घेऊ. पण फार मोठ्याने बोलायला लावू नका, एक टाका अजून आहे. (हशा)