माथेरानच्या विश्रांतीचा भार

माणसं विश्रांतीसाठी माथेरानला जाऊ लागली त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि पावसाळ्यानंतर परत येऊन त्यांनी वर घर बांधलं. इतिहासात 'शोध' मॅलेट यांच्या नावावर लागला. वाट दाखवणारा चौकचा पाटील मात्र मागे राहिला, आणि त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावरणारे ठाकूर, धनगर, कातकरीही. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे बंगल्यासाठी जागा निवडली आणि माथेरानला प्रतिष्ठा आली. सखल भागातल्या दमट, कुजट हवेतून ताप येतो, असं त्या काळचं वैद्यक मानत असे. म्हणून थकल्या-आजारी साहेबाला उंचावर धाडणं हा औषधोपचारच होता.

तापाचं ते कारण चुकीचं ठरलं. मलेरिया डासांमुळे पसरतो हे १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्या संशोधनातून पुढे आलं. मग डोंगरावर मिळणारा आराम खोटा होता का? मला तसं वाटत नाही. सुमारे आठशे मीटर उंचीवरचा गारवा, दाट झाडीतली सावली, रोजचं चालणं आणि कामापासून सुटका यांनी माणसाला बरं वाटतं. त्यासाठी कुजट हवेच्या सिद्धान्ताची गरज नाही. पण हा आराम नुसत्या निसर्गाने दिला, हे मात्र मला मान्य नाही. नेरळपर्यंत आगगाडी आली तरी पुढचा चढ पाहुण्यांनी तट्टांवर, पालख्यांतून आणि माणसांनी उचललेल्या खुर्च्यांतून पार केला. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून अरुंद मापाची छोटी गाडी वर पोचली, तेव्हा मोठा चढ यंत्राकडे गेला. वरच्या तांबड्या वाटांवर माणसाचं ओझं माणसाकडेच राहिलं.

माथेरानची शांतता मोटारबंदीमुळे टिकली. ती बंदी योग्यच आहे. हॉर्न आणि धूर शिरला तर तिथे जाण्यात अर्थ उरणार नाही. परंतु दस्तुरी नाक्याशी मोटार थांबली की पुढे हातरिक्षा सुरू व्हायची. एक जण पुढच्या दांड्या धरून ओढणार, दोघे मागून ढकलणार. उतार आला की मागच्यांनी टाचा रोवून गाडी आवरून धरायची. ही मेहनत आत बसलेल्याच्या विश्रांतीचाच भाग होती, हे आपल्या पर्यटनाच्या लिखाणात क्वचितच येतं.

हातरिक्षा बंद करण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. म्हातारी, अपंग माणसं वर जाणार कशी, आणि रिक्षा गेली तर ओढणाऱ्याचं घर कसं चालेल? दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण त्यांचं उत्तर माणसाला जुंपण्यात नाही. डोंगराचा चढ सोसेल अशी, धूर न सोडणारी ई-रिक्षा आली, तेव्हा पर्याय नसल्याची सबब संपली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करायला सांगितलं आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर भाड्याने ई-रिक्षा देण्याची योजना राज्याने आखावी, असा आदेश दिला. पैशांची अडचण हे योजना न राबवण्याचं कारण चालणार नाही, हेही न्यायालयाने बजावलं.

हा निकाल माथेरानच्या इतिहासात छोट्या गाडीइतकाच महत्त्वाचा आहे. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ मध्ये या डोंगरावर पुस्तक लिहिलं, तेव्हा वनस्पती आणि प्राण्यांच्या आधी शीर्षकात माणसांना जागा दिली होती. तोच क्रम आपणही पाळायला हवा. यापुढे माथेरानला जाल तेव्हा सरकारी ई-रिक्षा कोण चालवतो, ती पूर्वी ओढणाऱ्यांनाच मिळाली का, हे जरूर विचारा.